जीप कुठवर येते?

अकोले तालुक्याच्या पश्चिम भागात गावाचा पत्ता सांगण्याची एक पद्धत आहे. ‘जीप देवळापर्यंत येते’, ‘जीप ओढ्याच्या अलीकडे थांबते’, ‘पावसाळ्यात जीप येत नाही’. किलोमीटर, गट नंबर, पिनकोड हे सगळे नंतर. राजूरच्या बाजारात उभे राहून आंबित, कुमशेत, पाचनई, साम्रद यांपैकी कोणत्याही वाडीची चौकशी केली, तर अंतराचा आकडा क्वचितच मिळतो. वाहन कुठे थांबेल आणि तिथून पुढे किती चालावे लागेल, हे मात्र अचूक कळते. या पट्ट्याला लोक डांगाण म्हणतात. डांगाणातली ही मोजणी मला इतिहासाचे एक साधनच वाटते. रस्ता कधी मंजूर झाला, याची नोंद दप्तरात सापडते. आजारी माणसापर्यंत मदत प्रत्यक्षात कुठवर पोहोचत होती, याची नोंद कुठल्याच दप्तरात नसते. ती या वाक्यांत असते.

या लेखाचा विषय आहे ते मदतीला धावून जाणारे वाहन. रुग्णवाहिका म्हणावे तर शब्द अपुरा पडतो, कारण डांगाणात एकच गाडी सकाळी बाळंतिणीला आणते, दुपारी दरड कोसळली तर फावडी-पहारी नेते, आणि रात्री हरिश्चंद्रगडावर वाट चुकलेल्यांसाठी दोर घेऊन निघते. अशा बहुगुणी गाडीला मराठीत अजून नाव नाही. ‘आणीबाणीची गाडी’ म्हणता आले असते, पण आणीबाणी हा शब्द १९७५ साली राजकारणाने पळवून नेला तो नेलाच.

प्रथम भूगोल. नगर जिल्हा, आताचा अहिल्यानगर, हा एरवी दुष्काळी म्हणून ओळखला जातो. त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला घाटघर आहे, जिथे जिल्ह्याच्या सरासरीच्या कित्येक पट पाऊस कोसळतो. उत्तरेला कळसूबाईची रांग, दक्षिणेला हरिश्चंद्रगड, मधून प्रवरा. त्या प्रवरेवर भंडारदऱ्याला इंग्रजांनी धरण बांधले. १९१० साली काम सुरू झाले आणि डिसेंबर १९२६ मध्ये मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झाले. २७० फूट उंचीचे ते दगडी धरण अभियांत्रिकीचा नमुना म्हणून नावाजले गेले. खालच्या बागायतीला पाणी मिळाले. वरच्या बाजूला मात्र रतनवाडीसारखी गावे पाण्याच्या पलीकडे पडली. रतनवाडीला जायचे तर शेंडीहून लाँच किंवा जलाशयाला लांबलचक वळसा, अशी स्थिती पुढे पुष्कळ वर्षे होती. धरणाच्या इतिहासात ही लाँच सहसा येत नाही, पण रतनवाडीच्या आजाऱ्याला दवाखान्याच्या दिशेने नेणारे पहिले वाहन बहुधा तेच असावे.

*

त्याआधी डांगाणात ओझे वाहणारे दोनच जीव होते : माणूस आणि डांगी बैल.

डांगी ही गोवंशाची जात या मुलखानेच घडवली. तिच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो, त्यामुळे संततधार पावसातही अंग भिजून गारठत नाही. खूर काळे आणि गारगोटीसारखे कठीण. चिखलात सडत नाहीत, कातळावर झिजत नाहीत. मैदानी भागातला देखणा खिलार बैल इथल्या भातखाचरात चार दिवसांत आजारी पडेल. राजूरला दर वर्षी डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते आणि घाटाच्या वरून-खालून लोक येतात. तिथे बैल पारखणाऱ्या म्हाताऱ्यांकडे मी लक्ष देऊन पाहिले आहे. ते आधी खूर बघतात, मग पाठीवरून हात फिरवून तेलकटपणा अजमावतात. शिंगे आणि रंग सर्वांत शेवटी. मोटारगाडी पारखण्याची याहून शहाणी रीत मला माहीत नाही. आधी जमिनीला काय टेकते ते पाहा, मग पावसाला काय तोंड देते ते.

पण बैलगाडीलाही वाट लागते. खाचरांच्या बांधांवरून आणि रानातून आजारी माणूस निघायचा तो झोळीतून. एक भक्कम बांबू, त्याला घोंगडी किंवा लुगडे दोन्ही टोकांना बांधलेले, आणि खांदा बदलायला चार-सहा जण. झोळीला आपण मागासलेपणाची खूण मानतो. वर्तमानपत्रात झोळीचे छायाचित्र छापले की ते शासनाच्या नाकर्तेपणाचा पुरावा ठरते, आणि ते योग्यच आहे. तरी वाहन म्हणून झोळीकडे एकदा पाहावे. ती दीड फूट रुंदीच्या पायवाटेवरून जाते, उतारावर रुग्णाला आडवा ठेवते, हिसके बांबूच्या लवचिकतेत जिरवते, आणि ओढ्यात पाणी छातीपर्यंत आले तर खांद्याच्या वर उचलता येते. तिचा दोष वेगाचा, आणि रुग्ण वाटेत खालावला तर काहीही करता न येण्याचा.

सैन्यांनाही हेच कोडे होते. नेपोलियनच्या सैन्यातला शल्यविशारद डॉमिनिक लारे याने १७९०च्या दशकात घोड्यांच्या हलक्या गाड्या रणांगणात आणल्या, त्या ‘उडत्या रुग्णवाहिका’ म्हणून प्रसिद्ध झाल्या. त्याआधी लढाई संपेपर्यंत जखमी जागीच पडून असत. आपल्याकडच्या इंग्रजी फौजेत हे काम डोलीवाले करीत. १८९९ साली बोअर युद्धात गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत सुमारे ११०० हिंदी स्वयंसेवकांचे जे पथक उभारले, तेही जखमींना स्ट्रेचरवरून खांद्यावर वाहणारे होते. दिवसाला वीस-पंचवीस मैल चालावे लागे, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे.

आणि आपल्या जिल्ह्याचे एक नाव इथे घेतलेच पाहिजे. निमज हे संगमनेर तालुक्यातले गाव. तिथला नामदेव जाधव हा पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमधला शिपाई. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदी ओलांडताना त्याच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला. नामदेवने एका जखमीला पाठीवर घेऊन खोल पाण्यातून, उभ्या काठावरून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून पलीकडे नेले, परत येऊन दुसऱ्याला नेले, आणि मग एकट्याने शत्रूच्या ठाण्यांवर चाल केली. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. शौर्यकथा सांगताना आपण शेवटच्या हल्ल्यावर भर देतो. मला त्यातल्या दोन फेऱ्या जास्त महत्त्वाच्या वाटतात. त्या युद्धात मित्रसैन्याकडे लाखो वाहने होती, आणि त्या नदीकाठावर एकही कामाला आले नाही.

*

ज्या वाहनाने हे चित्र पुष्कळसे बदलले, ते त्याच युद्धात जन्मले. १९४० च्या जुलैत अमेरिकन लष्कराने सव्वाशेहून अधिक कारखान्यांकडे एका हलक्या, चारही चाकांना जोर असलेल्या गाडीची मागणी केली. बँटम नावाच्या छोट्या, डबघाईला आलेल्या कंपनीने मुदतीत, म्हणजे ४९ दिवसांत, नमुना उभा केला. मोठी कंत्राटे मात्र विलीस आणि फोर्ड यांनी नेली. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीप बनल्या. साठ अश्वशक्तीचे इंजिन, सुमारे अकराशे किलो वजन, दोन आसांत फक्त ८० इंचांचे अंतर.

या गाडीचे मर्म एका जादा दांडीत होते. नेहमीच्या गिअरपेटीच्या मागे आणखी एक पेटी. एका दांडीने पुढच्या चाकांनाही जोर मिळे, दुसरीने गाडीचा वेग जवळजवळ निम्मा होऊन ओढ तेवढीच वाढे. घसरड्या चढावर गाडीला वेग नको असतो. चाक हळू आणि न थांबता फिरत राहायला हवे असते. डांगी बैलाची चालही नेमकी अशीच.

दुसरा गुण असा की जीप मुळातच अर्धवट गाडी होती. तिला दारे नव्हती, छप्पर म्हणजे कापड, मागची बाजू मोकळी. त्यामुळे तिच्यावर काहीही बसवता येई. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आणि इंफाळच्या परिसरात जीपवर लोखंडी चौकट ठोकून दोन-तीन स्ट्रेचर आडवे लावत, आणि जिथे मोठी रुग्णवाहिका चिखलात रुतून बसे, तिथून जखमी बाहेर काढत. १९४४ च्या मार्चमध्ये इंफाळजवळ सांगशाकला मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन लढली. सातारा, पुणे, नगरच्या डोंगराळ गावांतून गेलेल्या कितीतरी पोरांनी जीप पहिल्यांदा पाहिली ती त्या डोंगरात.

पुढची कथा मुंबईची. १९४५ साली महिंद्रा बंधू आणि गुलाम मोहम्मद यांनी मिळून महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही झाले. कंपनीच्या नावात दुसरे ‘महिंद्रा’ आले. १९४९ साली माझगावच्या कारखान्यात सुट्या भागांतून विलीस जीपची जोडणी सुरू झाली. अमेरिकेत युद्धानंतर हीच जीप ‘शेतकऱ्याची गाडी’ म्हणून विकत होते. इंजिनाचा जोर बाहेर काढणारा एक दांडा तिला बसवता येई. त्यावर नांगर, पाण्याचा पंप, करवत, वेल्डिंगचे यंत्र असे काय वाटेल ते चाले. इंग्लंडमध्ये १९४८ साली आलेली लँड रोव्हर आणि त्याच सुमाराची जर्मन उनिमोग यांची कल्पनाही तीच : गाडी एक, कामे अनेक. आपत्तीच्या कामासाठी गाडी सजवण्याची आजची सगळी विद्या या तीन गाड्यांच्या पोटातून निघाली आहे.

भारतात ही कल्पना नीट उतरली नाही, असे माझे मत आहे. जीप आली, तिच्या जोडण्या आल्या नाहीत. तिच्या मागच्या मोकळ्या जागेत आपण दोन बाक टाकले आणि साहेब बसवले.

*

२ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास योजना सुरू झाली. गटविकास अधिकारी आला आणि त्याच्याबरोबर जीप आली. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या कामाला लागल्या, तेव्हा सभापतीलाही जीप मिळाली. पुढच्या पंचवीस वर्षांत जीप हे ग्रामीण सत्तेचे इतके ठळक चिन्ह झाले की मराठी चित्रपटातला पुढारी तिच्याशिवाय गावात शिरेना. प्राथमिक आरोग्य केंद्रांनाही गाड्या मिळाल्या. त्यांत युनिसेफचा मोठा हातभार होता. दवाखान्याच्या गाडीने लस नेली, परिचारिका नेली, डीडीटीची पोती नेली. देवीच्या निर्मूलनाची मोहीम १९७५ साली भारतात यशस्वी झाली, त्यात जीपचा वाटा लशीच्या दुतोंडी सुईइतकाच मोठा आहे.

पण त्याच गाडीवर लाल त्रिकोणही होता. आणीबाणीच्या काळात देशात ठिकठिकाणी ती जीप दिसली की बापे रानात पळत. मदतीच्या वाहनाच्या इतिहासात हा प्रसंग यंत्राइतकाच महत्त्वाचा आहे. जिला पाहून माणसे पळतात, ती गाडी कितीही चढ चढली तरी कुठेच पोहोचत नाही. आदिवासी वाड्यांत दवाखान्याच्या गाडीबद्दलचा बिचकलेपणा पुढे पुष्कळ काळ टिकला. त्याला आपण अज्ञान म्हणत आलो. गाडीने आधी काय केले होते, हे विसरून.

*

आता एक विचित्र योगायोग. मदतीची डोंगरी गाडी बनवायला लागणारे ज्ञान राजूरच्या भोवतीच जमलेले आहे.

नगर शहरात संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे, जिला सगळे व्हीआरडीई म्हणतात. तिचे मूळ १९२९ साली रावळपिंडीजवळच्या चकलाल्यात. फाळणीनंतर ती नगरला आली. लष्कराच्या गाड्या कशा असाव्यात, किती चढ चढाव्यात, किती पाण्यातून जाव्यात, हे तिथे ठरते आणि तिथल्या चाचणीमार्गांवर तपासले जाते. त्याच शहरात चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र. नगरच्याच फिरोदिया घराण्यातले नवलमल फिरोदिया यांनी १९५८ साली बजाज टेम्पो उभी केली. तिचा तीनचाकी टेम्पो, मग मॅटाडोर, मग ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आलेली ट्रॅक्स. २००५ पासून ती कंपनी फोर्स मोटर्स या नावाने ओळखली जाते. आणि कळसूबाईच्या पलीकडे, बारीहून घोटीकडे उतरले की जवळच इगतपुरी. तिथे महिंद्राची इंजिने बनतात. म्हणजे ज्या डोंगरावर गाडी चढत नाही, त्याच्या एका पायथ्याला इंजिनाचा कारखाना आणि दुसरीकडे, जिल्ह्याच्या ठिकाणी, रणगाड्यांची शाळा.

यातले राजूरपर्यंत आले काय? ट्रॅक्स आली. मर्सिडीजच्या परवान्याने बनलेले तिचे डिझेल इंजिन दणकट होते आणि मागे पुरुषभर लांबीची जागा होती, म्हणून ती राज्यभर रुग्णवाहिका झाली. ती धावे मात्र मागच्या दोन चाकांच्या जोरावर. चारही चाकांना जोर देणारी यंत्रणा महाग, डिझेल जास्त खाणारी, दुरुस्तीला अवघड. खरेदीच्या तक्त्यात ती पहिल्याच फेरीत गळते. पुढे कमांडर, मार्शल, बोलेरो आल्या. रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक दोन चाकांच्या जोराच्याच. दिसायला जीप, चालायला मोटार.

शाळा, कचेऱ्या, दवाखाना राजूरला; आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालयही तिथेच. त्यामुळे वाड्यांतून राजूरला येणारी वाहतूक सतत चालू असते, आणि ती वाहते खासगी जीपवाला. बाकावर दहा, मागे लटकलेले चार, टपावर भाताची पोती. कायदा या गाडीकडे डोळे वटारून पाहतो. रात्री दोन वाजता वाडीत कुणाला साप चावला, तर पहिला फोन तिच्याच चालकाला जातो. त्याला प्रत्येक फरशीवर पाणी किती चढते आणि किती वेळात ओसरते, हे ठाऊक असते. असाच एक चालक मला भेटला. त्याच्या टपावरच्या कॅरिअरला एक जुना, गुळगुळीत झालेला बांबू आणि घोंगडी घट्ट बांधलेली होती. मी विचारल्यावर तो म्हणाला, “पुढच्या वाडीला गाडी चढत नाही ना. मग हा काढायचा.” मदतीच्या गाडीची याहून नेमकी सजावट मी कुठल्याही कंपनीच्या माहितीपत्रकात पाहिलेली नाही.

*

२६ जानेवारी २०१४ रोजी महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली. ९३७ गाड्या, त्यांतल्या २३३ प्रगत जीवरक्षक आणि ७०४ प्राथमिक. प्रत्येक गाडीत डॉक्टर, हे तिचे वैशिष्ट्य. ही महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्यातली फार मोठी घटना आहे आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत, यात वाद नाही. त्याच सुमारास केंद्राने रुग्णवाहिकांसाठी एआयएस-१२५ हे मानक केले. त्यात चार प्रकार आहेत : पहिल्यांदा पोहोचणारे छोटे वाहन, साधी रुग्णवाहतूक, प्राथमिक जीवरक्षक आणि प्रगत जीवरक्षक. या वर्गवारीचा पाया आहे गाडीच्या आत काय उपचार होतात हा. गाडी कुठवर पोहोचते, यावर वर्गवारी केलेली नाही. शहराचा विचार केला तर त्यात काही चूक नाही. २०१७ साली राज्यात मोटारसायकल रुग्णवाहिका आल्या आणि नर्मदाकाठी बोटीही चालतात. म्हणजे पोहोचण्याचा प्रश्न कुणाला सुचलाच नाही असे नाही. जीपच्या जातीची गाडी मात्र मधल्या मध्ये राहून गेली.

ती सेवा सुरू झाली त्याच वर्षी, ३० जुलै २०१४ च्या सकाळी, आंबेगाव तालुक्यातले माळीण दरडीखाली गेले. हरिश्चंद्रगडाच्या दक्षिणेला, याच सह्याद्रीत. १५१ माणसे गेली. गाव नाहीसे झाल्याची पहिली बातमी बाहेर नेली एका एसटीचालकाने. मदतपथके, यंत्रे, रुग्णवाहिका त्या अरुंद, चिखलाने भरलेल्या रस्त्यावरून एकामागे एक येत राहिली आणि रस्ताच तुंबला. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड आली, तेव्हा तर रस्ताच नव्हता. पायथ्यापासून तास-दीड तासाची चढण. जेसीबी खाली उभे राहिले. वर माणसांनी फावड्यांनी आणि हातांनी माती उपसली. खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारखे डोंगर ओळखणारे गट तिथे लवकर पोहोचले ते पायांच्या जोरावर. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता राहिले, आणि शोध थांबवावा लागला.

अकोल्याच्या डांगाणात कड्याखाली वसलेल्या वाड्या मोजायला बसले तर मन धास्तावते. म्हणून पुढचे थोडे तपशिलात लिहितो. दिवाळी अंकाच्या वाचकाला विंच आणि टायरमध्ये काय रस, असे संपादकांना वाटू शकेल; त्यांनी सांभाळून घ्यावे.

गाडीला सर्वांत आधी हवे ते पाय. चिखलाचे टायर, आणि त्यांतली हवा कमी-जास्त करायला छोटा कॉम्प्रेसर. पस्तीसच्या आसपास असलेला दाब वीसवर आणला की टायर पसरतो आणि रुतत नाही; पण डांबरावर परत आल्यावर हवा भरायलाच हवी, नाहीतर टायर फाटतो. दुसरे, पुढच्या बाजूला विंच. भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट ओढीचे असावे, म्हणजे तीन टनांच्या गाडीला साडेचार टनांचे. एक पुली जोडली की ओढ जवळजवळ दुप्पट होते. रस्त्यावर आडवे पडलेले झाड, घसरलेली धोंड, रुतलेली एसटी, सगळ्याला हेच कामी येते. तार झाडाला थेट गुंडाळायची नाही, रुंद पट्टा वापरायचा. १९८६ पासून हा सारा परिसर अभयारण्य आहे आणि साल सोललेले झाड मरते. तिसरे, करवत, पहारी, फावडी, दोनशे मीटर दोर. हे सगळे टपावर लादायचे नाही. वजन वर गेले की आडव्या उतारावर गाडी कलंडते. जड सामान खाली, दोन आसांच्या मध्ये.

रुग्णाची जागाही तिथेच हवी. आखूड जीपमध्ये स्ट्रेचर मागच्या चाकाच्या वर किंवा मागे येतो, आणि पाट्यांच्या स्प्रिंगांचा प्रत्येक दणका थेट कण्यात जातो. ब्रह्मदेशात ते चालून गेले, कारण पर्याय नव्हता. आज लांब चेसिसची गाडी घेऊन डोके पुढे, चाकांच्या मध्ये ठेवता येते. स्ट्रेचर दोन असावेत : एक गाडीतला चाकांचा आणि एक टोपलीसारखा, कडेने उचलायचा, दोराने खाली सोडता येणारा. दुसरा म्हणजे आपल्या झोळीचाच सुधारलेला अवतार.

आणि प्राणवायूचे गणित. दहा लिटरच्या मध्यम नळकांड्यात दाबाखाली सुमारे १५०० लिटर प्राणवायू मावतो. मिनिटाला दहा लिटर दिला तर तो अडीच तास पुरतो. वाडीतून राजूर, राजूरहून अकोले, तिथून संगमनेर आणि गरज पडली तर नाशिक किंवा शंभराहून अधिक किलोमीटरवरचे नगर. पावसाळी रात्री अडीच तासांत काय होते, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी जोडून पाहावे. म्हणून नळकांडी दोन हवीत, किंवा गाडीच्या जादा बॅटरीवर चालणारे हवेतून प्राणवायू वेगळा करणारे यंत्र हवे. ते यंत्र तीनशे-साडेतीनशे वॉट खाते. इंजिन सुरू करायच्या बॅटरीवर चालवले तर गाडी रानात बंद पडेल. जादा बॅटरी वेगळी, तिला जोडणारी कळ वेगळी. मोबाइल जिथे लागत नाही तिथे वायरलेस, आणि सर्पविषावरची लस थंड राहील असा डबा.

एक गोष्ट यंत्राच्या यादीत बसत नाही : वाहत्या पाण्यात कुठली गाडी घालायची नाही, हे ठरवण्याचा अधिकार. फरशीवरून दोन फूट पाणी जोराने वाहत असेल तर बहुतेक गाड्या तरंगायला लागतात, मग ती चार चाकांच्या जोराची असो वा नसो. अशा वेळी ‘नाही’ म्हणणारा माणूस त्याच खोऱ्यातला असावा लागतो. टपावर बांबू बांधणारा तो चालक कुठल्याही भरतीच्या जाहिरातीत बसला नसता. त्याच्याकडे डिझेलच्या वासाची खाकी पँट आणि पंचवीस पावसाळे होते. लष्कराच्या वाहन-प्रशिक्षणात चालकाला आधी दोन दिवस गाडीखाली झोपवतात, असे एका निवृत्त सुभेदाराने मला सांगितले होते. गाडी खालून ओळखली पाहिजे म्हणून. खूर आधी बघणारे राजूरच्या प्रदर्शनातले म्हातारे त्याला लगेच दाद देतील.

खर्चाचे म्हणाल तर अशी सजवलेली एक गाडी प्रगत जीवरक्षक गाडीपेक्षा महाग पडेलच असे नाही. महाग पडतो तो वर्षभर तिला तयार ठेवण्याचा. विंचची तार दर मेअखेर पूर्ण उलगडून, पुसून, गंज पाहून, तेल लावून पुन्हा ताणाखाली गुंडाळायची असते. ती सैल गुंडाळली गेली तर ऐन ओढीच्या वेळी आतल्या थरात रुतते आणि मग सुटत नाही. या कामाला दोन माणसे आणि एक सकाळ लागते, आणि त्यासाठी कुठल्याही लेखाशीर्षाखाली तरतूद नसते. डांगाणात पाऊस बहुतेक जूनच्या दुसऱ्या आठवड्यात उतरतो.